दारातून न निघणारी पेटी

प्रिय सदाभाऊजी,

तुम्ही गाडी घेऊन पुण्याला मुक्कामी असलात, की कुणाच्या हाती चिठ्ठी पाठवताना मी वर नेहमी 'चि. सदाशिव यांस' असं लिहायची. नात्याने धाकटे तुम्ही, म्हणून. आज सवयीने तेच लिहिलं, आणि मग त्या 'चि.'कडे बघतच राहिले. आता ते कसं ठेवू? खोडलं. कागद वाया जायला नको म्हणून त्याच्याच खाली 'प्रिय' लिहून पुढे चालले आहे. प्रिय असं मी आजवर कुणालाच लिहिलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही!

लिहायला बसले त्याचं कारण उद्याची सकाळ. उद्या बबन सुतार करवत घेऊन येतोय. तुमची पेटी कापायला.

टेम्पो विकला, भाऊजी. घोटावड्याचे एक दूधवाले आहेत, त्यांनी घेतला. रागावू नका. तुमच्या भावाला बैल हाकता येतात, टेम्पो नाही. एक ड्रायव्हर ठेवून पाहिला, तो आला तर आला. आपल्या माले गावाच्या वरच्या वाड्यांचं दूध कॅनमध्ये तसंच राहायला लागलं, आणि नासलेलं दूध माघारी घेताना माणसं काय काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी हिशेब ठेवणारी बाई. पण टेम्पो का ठेवायचा, याचं एकही कारण मला ह्यांच्यापुढे मांडता आलं नाही. जे कारण होतं, ते मांडण्यासारखं नव्हतं.

घेणाऱ्यांनी इंजिन ऐकलं, चाकं पाहिली, सगळं पसंत केलं. मग मागचं दार उघडलं.

"ह्ये काय? कोठार बांधलंय का काय गाडीत?"

"पेटी हाय. स्पीकरची," हे म्हणाले.

"मग घ्या की काढून. मला कॅन ठेवाया जागा पायजे."

घ्या की काढून! किती सोपं वाटलं त्यांना.

तुम्ही ती पेटी कशी बांधलीत ते आठवतं का हो तिकडे? गाडी एक दिवससुद्धा उभी ठेवायची सोय नव्हती. पहाटे दूध भरून पुण्याला, दुपारी माघारी. म्हणून तुम्ही येताना रिकाम्या गाडीत लाकूडबाजारातून एकेक फळी आणायचात आणि जेवण झालं की गाडीतच बसून ठोकाठोक करायचात. दुसऱ्या दिवशी अर्धवट पेटी कॅनांच्या सोबत पुन्हा पुण्याला! पौडच्या चहावाल्याने विचारलं म्हणे, "सदा, गाडीत घर बांधतुयास का? मंग बायकू कवा आणतुयास?"

आणि तुम्ही घरी येऊन ते मलाच सांगितलंत, वर हसत.

मी तेव्हा नाराज होते, हे खरं. पेटी ड्रायव्हरच्या पाठीमागे, ह्या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत, आडवी. कॅनांची एक अख्खी रांग गेली. आणि कशासाठी? गावात जत्रेला, लग्नाला कर्णे लागतात ते काय कमी आहेत? मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "वैनी, कर्णा नुसता किंचाळतो. त्याला पोट न्हाई. पखवाजाची थाप कर्ण्यातनं कधी ऐकलीय? पत्र्यावर खडा टाकल्यागत वाटती. मला पोटातनं आवाज काढायचाय."

पोटातून! जुन्या बाजारातून कुठल्यातरी मोडलेल्या तंबू-सिनेमाचा स्पीकर आणलात, परातीएवढा. परातीएवढा म्हणजे खरोखरच परातीएवढा. फळीवर गोल आखायला तुम्ही माझीच परात नेलीत. तिला खिळ्याचा ओरखडा पडला तो अजून आहे. पीठ मळताना रोज बोटाला लागतो. आधी राग यायचा. आता पीठ मळून झालं तरी बोट तिथेच फिरतं.

सासूबाईंनी स्वतःची वाकळ दिली आत लावायला, जुन्या लुगड्यांची, त्यांनी बाळंतपणात शिवलेली. तुम्ही नको म्हणत होतात. "घे रं, तुला हिच्यातच गुंडाळलावता," म्हणाल्या. पेटीच्या आतल्या अंगाला ती वाकळ तुम्ही खिळ्यांनी मारलीत. आवाज आतल्या आत आदळू नये म्हणून, असं काहीतरी समजावलंत मला. मला कळलं नाही. मॅट्रिकच्या शास्त्रात ते नव्हतं.

उदबत्तीचं मात्र पक्कं आठवतं. सगळ्या फळ्या बसल्यावर पेटी कुठे फुसते का ते बघायचं होतं. "वैनी, उदबत्ती द्या." मी म्हटलं, देवाची उदबत्ती सुताराच्या कामाला मिळणार नाही. "मग तुमीच धरा," तुम्ही म्हणालात, "म्हंजी देवाचीच ऱ्हाईल." आणि मी खुळी, ओल्या केसांनी, सोवळ्यात, त्या टेम्पोत ओणवी होऊन सांध्यासांध्यावरून उदबत्ती फिरवत होते! तुम्ही आवाजाचं मशीन चालू करायचात आणि जिथून हवा फुसत असेल तिथे धूर थरथरायचा. तिथे तुम्ही बोट ठेवायचात, मग भुसा आणि सरस. पुन्हा उदबत्ती. पुन्हा बोट. शेवटी धूर सरळ वर गेला, तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता! मी आरतीनंतर करतात तसे हात जोडले, नकळत.

तेवढ्यात बबन सुतार रंधा मागायला आला. त्याने पेटी पाहिली, मग मागचं दार पाहिलं, मग पुन्हा पेटी पाहिली.

"सदा, ही भाईर कशी काढणार रं?"

तुम्ही दाराकडे बघितलंत. मला आठवतं, तुम्ही तेव्हा पहिल्यांदाच दाराकडे बघितलंत! गाडीचं आतलं माप तुम्ही बोटाबोटाने घेतलं होतंत, दाराचं घ्यायचंच राहून गेलं होतं. मी पदराने तोंड दाबून हसत होते. आणि तुम्ही काय म्हणालात?

"काढायचीय कशाला? मी हाय तवर ही गाडीतच ऱ्हानार."

भाऊजी, असं कशाला बोललात? भरल्या घरात, दिवेलागणीला, असं तोंडातून काढू नये हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं का?

पण त्या दिवशी कुणाच्या मनाला ते शिवलं नाही, कारण त्याच संध्याकाळी तुम्ही पेटी वाजवलीत. भैरोबाच्या देवळातलं आपल्याच मंडळीचं भजन तुम्ही टेपवर भरून आणलं होतंत. गाडी मागे घेत ओट्याला लावलीत. थाप पडली आणि माझ्या फळीवरची पितळेची भांडी गुणगुणायला लागली. हे गोठ्यातून धावत आले, "भूकंप हाय का काय!" म्हणत. आणि सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या, त्या सोलायच्या थांबल्या.

त्यांना ऐकू यायचं थांबून किती काळ झाला होता! देवळात जाणंही त्यांनी सोडलं होतं. मी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "काय करू येऊन? समद्यांची तोंडं हलत्यात नुसती, पाण्यातल्या माशागत." आपण बोलू तेही त्यांना माशासारखंच.

त्या उठल्या, पाट घेऊन गाडीत चढल्या आणि दोन्ही तळवे पेटीवर टेकवले. डोळे मिटले. आणि मग म्हणाल्या, "किसन वाजवतोय. किसनाचा हात हाय ह्यो."

किसनतात्याच वाजवत होते टेपवर! देवळातला पखवाज त्यांचाच. ह्यांनी डोळ्याला टॉवेल लावला. तुम्ही आवाज आणखी वाढवलात, तेव्हा सासूबाई ओरडल्या, "हळू रं, हळू! कवळी पडंल माजी!"

त्या दिवसापासून माझी तक्रार संपली. कॅनांची रांग गेली ती गेली.

मग रोजचंच झालं. दुपारी तुम्ही यायचात, दिवेलागणीला गाडी ओट्याला लागायची, सासूबाई पेटीला तळवे टेकून बसायच्या. मी तुळशीपाशी दिवा लावेपर्यंत त्यांचं एक भजन व्हायचं. पेटीला हवेसाठी खाली ठेवलेल्या भोकातून आत शिरून मांजर व्यायली, तेव्हा पिल्लं बाहेर निघेपर्यंत तुम्ही पेटी वाजवली नाहीत, तर आईशी भांडण! "मांजराचं कौतिक, आन आई मेली तरी चालंल." आणि वाटेतही पेटी दणाणायची, म्हणून पौडला टपरीवर तुमची थट्टा, "सदाच्या गाडीत दूध चढवावं, उतरवताना लोणी मिळतंय!" तुम्ही ह्या सगळ्यावर फक्त हसायचात. कसली माती होती हो तुमची?

आता रागाचं बोलू? बोलते. रागवायचा हक्क वहिनीचा असतो.

तुमचे डोळे पिवळे दिसले ते सगळ्यांच्या आधी मला दिसले. सांगितलं मी. तर म्हणालात, "माझ्या लग्नाची हळद हाय, वैनी. आधीच चढली." मी हसले नाही. दवाखान्यात जा म्हटलं, तर दूध कोण नेणार. मुळीचं औषध दंडाला बांधून पुण्याला जात राहिलात. ताक दिलं तर ताक, भात दिला तर भात, आणि बाहेर गेलात की टपरीवरची भजी! कावीळ अशी भज्यांनी उतरते का? पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर ह्यांना म्हणाले की उशीर झाला. मी उपास धरले, भैरोबाला नवस बोलले, आणि शेवटी नुसतीच बसून राहिले. देवापुढे एवढी वर्षं बसते, पण हात रिकामे घेऊन अशी कधी बसले नव्हते. तुमच्या उशाशी बसून तुम्हाला रागवायचं माझ्या मनात होतं. तेवढंही तुम्ही करू दिलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर पेटी मुकी झाली. वायरी कुठून कुठे नेल्यात ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. पौडचा एक रेडिओवाला आला, त्याने दोन वायरी जोडल्या आणि मशीनमधून धूर निघाला. "ज्यानं केलंय त्यालाच इचारा," म्हणून तो गेला. आम्ही कुणाला विचारायचं?

पण सासूबाई जातातच, भाऊजी. रोज. आंब्याखाली टेम्पो उभा असतो, दिवेलागणीला त्या पाट घेऊन निघतात, मागचं दार उघडतात आणि पेटीला तळवे टेकून बसतात. त्यांना ठाऊक नाही असं नाही. तुमच्या तोंडात पाणी त्यांनीच घातलं. मी एकदा जवळ जाऊन बसले, काय हो, असं हातानेच विचारलं. म्हणाल्या, "अजून ऊब हाय." दिवसभर पत्रा तापतो, लाकूड तापतं, ते मला कळतं.

आणि उद्या ती ऊबही जाणार, हे त्यांना सांगायचं कुणी? हे म्हणाले, "तू सांग. तुजं ती ऐकती." ऐकते! माझी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, माझं बोलणं पोचत नाही. सगळ्या घरादाराचे अर्ज मी लिहिते, वाडीच्या बायकांची पत्रं लिहिते, आणि घरातल्या एका माणसाला एक गोष्ट मला सांगता येईना. काल मी त्यांच्यापुढे उभी राहून हाताने करवत चालवून दाखवली. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाल्या, "फणस आणलाय व्हय? आत्ता कुटला फणस?"

मी आत येऊन चुलीपुढे बसले आणि रडले. हसतही होते.

बबन तरी काय करील? दोनदा येऊन माप घेऊन गेला आणि दोन्ही वेळा काहीतरी निमित्त काढलं. एकदा करवतीला धार नाही म्हणाला, एकदा अमावास्या आहे म्हणाला. ह्यांनी विचारलं, "सुताराला कसली रं अमावास्या?" तर मापाची दोरी गुंडाळू लागला. मग जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वैनी, त्यानं सरस असा भरलाय, की सांधा सुटायचा न्हाई. फळीच कापावी लागंल. माझ्या हातानं न्हाई व्हायचं." पण उद्या दुपारी घोटावड्याची मंडळी गाडी न्यायला येणार. नाही व्हायचं म्हणून कसं चालेल?

आज संध्याकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे निघाल्या, आणि मला राहवलं नाही. मीही मागोमाग गाडीत चढले. त्या एका बाजूला बसल्या, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये तुमची पेटी. काय करावं ते सुचेना. मग मी मूठ वळली आणि पेटीवर मारली. नुसतीच. मग पुन्हा. मला पखवाज कुठला येतोय! पण इतकी वर्षं भजनाला टाळ धरलाय, ठेका तेवढा हातात आहे. तो धरला. पेटी घुमली हो, भाऊजी. तुमच्या मशीनसारखी नाही, पण आतून काहीतरी म्हणाली.

सासूबाईंचे तळवे आधी दचकले. मग स्थिर झाले. मान हलायला लागली, ती देवळात हलायची तशीच. माझी मूठ दुखायला लागली तरी मी थांबले नाही; मला वाटलं, थांबले की ह्या डोळे उघडतील, आणि त्यांना समोर मी दिसेन, तुम्ही नाही.

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "हळू, सुमन. हाताला लागंल तुज्या."

म्हणजे हात कुणाचा आहे ते त्यांना ठाऊक होतं! पहिल्या थापेपासून ठाऊक असणार.

मग म्हणाल्या, "उद्या कापनार ना ही?"

माझी मूठ पेटीवरच थांबली.

"मला कान न्हाईत, डोळं हायेत. बबन्या दोनदा दोरी धरून गेला, तवा काय पेटीला सदरा शिवनार हाय? काल फणस कापत हुतीस, तवाबी कळलं. म्हनलं, तुला रडू येतंय, कशाला कळलं म्हनून सांगू?"

मी त्यांना कसं सांगावं म्हणून झुरत होते, आणि त्या मला सांगायला नको म्हणून गप्प होत्या. आम्ही दोघी एकाच पेटीच्या दोन बाजूंना!

"कापू दे," म्हणाल्या. "दूध न्याया नगं का? माजी वाकळ तेवढी नीट काढा म्हनावं. खिळं उपसून, फाडू नका. त्याला गुंडाळलावता तिच्यात."

एवढं बोलून पुन्हा तळवे टेकवले. "वाजिव अजून जरा."

मी वाजवलं. अंधारून येईपर्यंत. दिवा लावायचा राहून गेला, तुळशीची क्षमा मागितली मी नंतर.

आता भाकऱ्या टाकून हे लिहिते आहे. हे अजून गोठ्यात आहेत, सासूबाई ओट्यावर पडल्या आहेत. उद्या ती करवत थांबवणं माझ्या हातात नाही. तुम्हाला थांबवणं नव्हतं, तसंच हेही नाही. माझ्या हातात जे आहे तेवढंच तुम्हाला सांगते.

वाकळीचा खिळान् खिळा मी स्वतः काढीन. ती धुणार नाही. आणि फळ्या चुलीत जाऊ देणार नाही. बबनला मघाशीच निरोप धाडलाय, की कापायचंच आहे तर तिरकं-वाकडं नको, मोठे तुकडे निघतील असं काप. त्या तुकड्यांची एक लहान पेटी तो करून देणार आहे, सासूबाईंच्या मांडीवर मावेल एवढी, आतून पोकळ, एका अंगाला भोक. परात आहेच, पण तिच्याने एवढं लहान गोल आखता येणार नाही, तांब्या देईन. ती घेऊन मी त्यांना भैरोबाच्या देवळात नेईन आणि मांडीवरची पेटी किसनतात्यांच्या पखवाजाला टेकेल अशी त्यांना बसवीन. घुमेल की नाही, मला ठाऊक नाही. ते शास्त्र तुमचं होतं, आणि तुम्ही मला त्यातलं एकच काम शिकवलंत.

तेवढं मी करीन. पेटी झाली की उदबत्ती घेऊन सांध्यासांध्यावरून फिरवीन. किसनतात्यांना थाप मारायला सांगीन. आणि जिथे धूर थरथरेल, तिथे तुमच्यासारखं बोट ठेवीन.

दाराचं माप ह्या वेळी आधी घेते. देवळाचंही, घराचंही.

तुमची
सुमनवहिनी
माले